डोकें कोणाच्या मालकीचें?

दुचाकीवर बसतांना हेल्मेट घालावें कीं नाहीं, मोटारींत बसल्यावर पट्टा बांधावा कीं नाहीं, हे प्रश्न प्रथमदर्शनीं इतके क्षुल्लक वाटतात कीं त्यांवर निबंध लिहिणें म्हणजे राईचा पर्वत करणें होय, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या वादांत एका बाजूला 'माझें डोकें माझें' एवढें तीन शब्दांचें सूत्र, आणि दुसऱ्या बाजूला सरकार, न्यायालय, शस्त्रवैद्य व विमाकंपनी अशी चतुरंग सेना उभी राहते, त्या वादाच्या मुळाशीं कांहीं तरी वजनदार असलें पाहिजे. गेल्या ऐंशी-पंचायशी वर्षांत हा वाद इंग्लंड, अमेरिका आणि भारत या तिन्ही देशांत गाजला. इंग्लंडांत तर एका वृद्ध गृहस्थाचा त्यापायीं तुरुंगांत अंत झाला. हा इतिहास नीट पाहिला तर असें दिसतें कीं, सक्तीचे कैवारी आणि सक्तीचे विरोधक ज्या मुद्द्यावर भांडतात तो या वादाचा गाभाच नव्हे.

विरोधकांच्या बाजूचा तात्त्विक पाया हलका नाहीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. तो जॉन स्टुअर्ट मिल्ल याच्या १८५९ सालच्या स्वातंत्र्यविषयक निबंधांत आहे. आगरकरांच्या पिढीनें मिल्ल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ आवडीनें वाचले, आणि तेव्हांपासून आपल्याकडील सुशिक्षितांच्या बोलण्यांत, ज्यांना मिल्लचें नांवही ठाऊक नाहीं अशांच्या बोलण्यांतसुद्धां, त्याचा विचार मुरून राहिला आहे. ज्या कृत्याचा परिणाम करणाराच्या स्वतःपुरता आहे त्यांत समाजानें सल्ला द्यावा, विनवणी करावी, पण जबरदस्ती करूं नये, हा त्या विचाराचा सारांश. याच निबंधांत मिल्लनें पुलाचा एक दृष्टांत घेतला आहे. एखादा मनुष्य मोडकळीस आलेल्या पुलावर पाऊल टाकीत आहे आणि त्याला सावध करण्यास वेळ नाहीं. अशा वेळीं त्याला धरून मागें ओढणें हें त्याच्या स्वातंत्र्यावर आक्रमण नव्हे, कारण नदींत पडण्याची त्याची इच्छाच नसते. पण पूल पडेलच अशी खात्री नसून पडण्याचा केवळ संभव असेल, तर त्याला धोका सांगावा आणि पुढें जाणें न जाणें त्याच्यावर सोडावें. दुचाकीस्वार रोज घरून निघतो तो या दुसऱ्या प्रकारच्या पुलावरूनच. पडेल अशी खात्री नाहीं, संभव मात्र आहे. तेव्हां मिल्लच्या न्यायानें त्याच्यापुढें फलक लावावा, पोलीस उभा करूं नये.

दृष्टांत सुंदर आहे. त्यांत पूल आहे, मनुष्य आहे, सावध करणारा आहे आणि खालीं नदी आहे. परंतु नदीच्या कांठीं, पडलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठीं कोणी उभा असतो कीं काय, आणि त्याचें या व्यवहारांत कांहीं म्हणणें आहे कीं काय, याचा विचार मिल्लनें तेथें केलेला नाहीं. १८५९ मध्यें तो करण्याचें फारसें कारणही नव्हतें. मेंदूची शस्त्रक्रिया तेव्हां जवळ जवळ नव्हतीच. डोकें फुटलेला मनुष्य बहुधा मरत असे, आणि प्रश्न तेथेंच मिटत असे. नदीकांठच्या या माणसाचा आपल्या कथेंत प्रवेश होतो तो १९३५ सालीं.

त्या वर्षीं १३ मे रोजीं इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यांत, 'क्लाउड्स हिल' या आपल्या कुटीच्या जवळच, टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून परत येत होता. पहिल्या महायुद्धांतील कामगिरीमुळें 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून प्रसिद्ध झालेला तोच हा. सायकलवरील दोन मुलांना वांचविण्यासाठीं तो एकदम वळला आणि फेंकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतें. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजीं वयाच्या ४६ व्या वर्षीं तो वारला. त्याला तपासण्यासाठीं जे डॉक्टर बोलावले होते त्यांत ह्यू केर्न्स नांवाचा, अद्यापि चाळिशी न गांठलेला एक शस्त्रवैद्य होता. केर्न्स मूळचा ऑस्ट्रेलियाचा. अमेरिकेंत हार्वे कुशिंग या मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या आद्य आचार्याच्या हाताखालीं शिकून आलेला, आणि पुढें ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक झालेला. लॉरेन्सच्या मृत्यूनें तो इतका हळहळला कीं उरलेलें सारें आयुष्य त्यानें या एका विषयाला वाहिलें, अशी कथा सांगण्याची पद्धत पडली आहे. ती मला जरा सजविलेली वाटते. केर्न्सनें इतरही पुष्कळ कामें केलीं; युद्धांतील जखमांवर पेनिसिलिन वापरून पाहण्याच्या पहिल्या प्रयोगांत त्याचा हात होता; आणि मोटारसायकलस्वारांवरील त्याचा प्रबंध लॉरेन्सच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनीं निघाला. तरी पण अशा बिछान्यापाशीं सहा दिवस जे घडलें तें वैद्य विसरतो, असेंही मानण्याचें कारण नाहीं.

तो प्रबंध ४ ऑक्टोबर १९४१ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांतील आंकडे आजही मनाला धक्का देतात. युद्ध सुरू होण्यापूर्वींच्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर १,८८४ मोटारसायकलस्वार व त्यांचे सहप्रवासी मेले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत हा आंकडा २,२७९ वर गेला. पेट्रोल मोजून मिळत असतां ही वाढ झाली हें विशेष. रात्रीं सगळीकडे दिवे मालविण्याचा हुकूम, त्या अंधारांतून लष्करी निरोप घेऊन धांवणारे फटफटीस्वार, आणि त्यांतील पुष्कळ जण नुकतेच चालवावयास शिकलेले. शत्रूची एकही गोळी न लागतां हे सैनिक आपल्याच देशाच्या रस्त्यांवर मरत होते, आणि बहुतेकांचा प्राण डोक्याच्या दुखापतीनें जात होता. हेल्मेट घातलेले असे अपघातग्रस्त केर्न्सला पाहावयास मिळाले ते अवघे सात. त्यांतील एकही दगावला नाहीं. सात हा आंकडा अगदींच लहान आहे, आणि त्याच्या बळावर सिद्धांत उभारणें धाडसाचें होतें. पण सैन्याला सिद्धांत नको होता, माणसें हवीं होतीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ब्रिटिश सैन्यानें आपल्या कामावरील सर्व मोटारसायकलस्वारांस हेल्मेट सक्तीचें केलें. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्यें, केर्न्सनें महिन्यामहिन्याच्या मृत्यूंचा आलेख मांडला. त्या हुकुमानंतर रेषा खालीं उतरत गेलेली त्यांत कोणासही दिसावी.

येथें क्षणभर थांबण्यासारखें आहे. १९४१ मध्यें हुकूम काढतांना कोणाला मिल्लशीं वाद घालावा लागला नाहीं. सैनिकाचें डोकें राजाच्या मालकीचें. भरती होतांनाच त्यानें तें गहाण टाकलेलें असतें. परंतु तोच सैनिक युद्ध संपवून घरीं आला, साधे कपडे चढवून तसल्याच मोटारसायकलवर बसला, कीं त्याचें डोकें पुन्हां त्याचें झालें. कवटी तीच, रस्ता तोच, दगडही तोच. बदलली ती मालकी. वैद्यानें जें सिद्ध केलें होतें त्यांत तिळमात्र फरक पडला नव्हता, आणि तरी नागरिकाच्या डोक्याला हात घालण्यास ब्रिटिश पार्लमेंटाला आणखी ३२ वर्षें लागलीं. १ जून १९७३ पासून तेथें सर्व मोटारसायकलस्वारांस हेल्मेट सक्तीचें झालें. केर्न्स १९५२ मध्येंच निवर्तला होता. या ३२ वर्षांच्या दिरंगाईला मूर्खपणा म्हणावयास मी तयार नाहीं. नागरिक हा सैनिक नव्हे, हा भेद ज्या देशाला इतका काळ पाळावासा वाटला, त्या देशांत स्वातंत्र्याला कांहीं किंमत होती असेंच म्हटलें पाहिजे. मात्र ती किंमत कोणीं मोजली हें केर्न्सच्या आलेखावरून कळतें.

१९७३ च्या कायद्याला जे आडवे गेले त्यांत दोन माणसें विशेष लक्ष्यांत ठेवण्याजोगीं आहेत. पहिले मँचेस्टरचे ग्यानी सुंदरसिंग सागर. पगडी उतरवून हेल्मेट घालणें हें त्यांच्या धर्माला सोडून होतें. त्यांनीं पगडीनिशीं मोटारसायकल चालविली, शिक्षा ओढवून घेतल्या आणि तुरुंगवासही पत्करला. शिखांचा एक मुद्दा बिनतोड होता : दोन्ही महायुद्धांत शीख सैनिक पगडी बांधून ब्रिटनसाठीं लढले, तेव्हां गोळ्यांच्या वर्षावांत त्यांच्या डोक्याची काळजी साम्राज्याला वाटली नाहीं, ती आतां मँचेस्टरच्या रस्त्यावर कां वाटावी? साउथॉल मतदारसंघाचे सभासद सिडनी बिडवेल यांनीं हा प्रश्न पार्लमेंटांत लावून धरला, आणि १९७६ मध्यें पगडीधारी शिखांना हेल्मेटांतून मुक्त करणारा कायदा झाला.

दुसरे फ्रेड हिल. हे निवृत्त शिक्षक. यांच्या डोक्यावर ना पगडी, ना कसला धर्म. होती ती साधी बेरे टोपी. माझ्या डोक्यावर काय असावें हें सरकारनें ठरवूं नये, एवढेंच त्यांचें म्हणणें. ते पुनः पुन्हां बिनहेल्मेटचे सांपडत, पुनः पुन्हां दंड भरण्याचें नाकारीत, आणि पुनः पुन्हां तुरुंगांत जात. असें करतां करतां १० फेब्रुवारी १९८४ रोजीं लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगांत, वयाच्या ७४ व्या वर्षीं, त्यांना मरण आलें. त्यांचें डोकें शेवटपर्यंत शाबूत होतें. थांबलें तें हृदय. इंग्लंडांतील मोटारसायकलस्वार त्यांच्या स्मरणार्थ अजून फेऱ्या काढतात.

एकाच कायद्याखालीं दोघे तुरुंगांत गेले. एकासाठीं कायदा वांकला, दुसऱ्यासाठीं नाहीं. हा न्याय झाला काय? कायद्याची बाजू अशी मांडतां येईल कीं, सागरांना हेल्मेट घालणें म्हणजे स्वतःला मोडणें होतें, हिलना घालणें म्हणजे केवळ मन मारणें. आणि सद्सद्विवेकाला सवलत देतां येते, हट्टाला देतां येत नाहीं. व्यवहारांत मला हा भेद मान्य आहे. पण ज्या मनुष्यानें दहा वर्षें कायदा मोडून प्रत्येक वेळीं त्याची शिक्षा निमूटपणें भोगली, त्याच्या आग्रहाला हट्ट म्हणतांना जीभ अडखळते. आपल्याकडे टोकाचे स्वातंत्र्यवादी पुष्कळ आहेत. पण चौकांतील हवालदार दिसतांच कोपरावर लटकविलेलें हेल्मेट चटकन् डोक्यावर चढविणारा आणि चौक ओलांडल्यावर पुन्हां कोपराला अडकविणारा जो सत्पुरुष आपण रोज पाहतों, त्याचें आणि फ्रेड हिल यांचें गोत्र एक नव्हे. स्वातंत्र्यासाठीं तुरुंगांत जाणें ही एक गोष्ट, आणि कोपराचें रक्षण करणें ही दुसरी.

सक्तीच्या विरोधाचें खरें माहेरघर मात्र अमेरिका. तेथें १९६६ मध्यें मध्यवर्ती सरकारनें संस्थानांना बजावलें कीं, हेल्मेटचा कायदा करा, नाहीं तर रस्त्यांसाठीं मिळणाऱ्या पैशांत कपात होईल. पैशाचा हा चाबूक चांगला चालला. १९७५ पर्यंत ५० पैकीं ४७ संस्थानांत तसा कायदा झाला. पण मोटारसायकलस्वारांच्या संघटना चिवट निघाल्या. १९७६ मध्यें काँग्रेसनें तो चाबूक काढून घेतला, आणि थोड्याच वर्षांत निम्म्याहून अधिक संस्थानांनीं आपले कायदे सैल केले किंवा रद्द केले. मृत्युसंख्या वाढली. न्यायालयांतही हा झगडा चालला. मिशिगनमध्यें १९६८ सालीं आणि इलिनॉयमध्यें १९६९ सालीं न्यायाधीशांनीं सक्ती घटनाबाह्य ठरविली. स्वतःचें रक्षण करण्यास भाग पाडण्याचा सरकारला अधिकार नाहीं, असा त्यांचा आशय. उलट मॅसॅच्युसेट्समधील न्यायालयानें १९७२ सालीं 'सायमन विरुद्ध सार्जंट' या खटल्यांत सक्ती उचलून धरली, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही तो निकाल कायम केला. त्या न्यायाधीशांच्या विचाराचा ओघ असा : हा मनुष्य पडला म्हणजे रस्त्यावरून त्याला उचलणारे, रुग्णालयांत नेणारे, त्याच्यावर उपचार करणारे आणि तो कायमचा निकामी झाल्यास त्याला व त्याच्या कुटुंबाला पोसणारे हात समाजाचेच असतात, मग आपल्या कृत्याचा परिणाम आपल्यापुरताच आहे हें त्यानें कोणत्या तोंडानें म्हणावें?

मिल्लच्या दृष्टांतांत जो नव्हता तो नदीकांठचा मनुष्य हाच. वाद डोकें कोणाचें असा नसून, पडल्यावर उचलणारे हात कोणाचे, असा आहे. डोकें ज्याचें त्याचें, हें सरकारनेंही मान्य करावें. पण अंथरुणावर खिळलेल्या मुलाला बारा वर्षें कूस बदलून देणारे आईचे हात त्या मुलाच्या मालकीचे नसतात. हेल्मेट न घालणारा मनुष्य सरसकट मरतच असता तर त्याचा युक्तिवाद पुष्कळ अंशीं खरा ठरला असता. अडचण अशी कीं, केर्न्स व त्याचे वारस यांच्या कौशल्यामुळें तो आतां पुष्कळदां वांचतो.

अर्थात् हा मुद्दा बेलगाम सोडला तर तो सगळेंच खाऊन टाकील. तंबाखू ओढणारा, मिठाई झोडणारा, सह्याद्रीचे कडे चढणारा, हे सर्व उद्यां दुसऱ्यांच्या हातांवर भार टाकणारेच आहेत. मग त्यांनाही पोलिसांनीं अडवावें काय? असा प्रश्न विरोधक विचारतात, आणि तो रास्त आहे. याला तर्कशुद्ध उत्तर नाहीं. प्रमाणाचें उत्तर आहे. कडा चढूं नको म्हणणें म्हणजे त्या मनुष्याचें सुखच काढून घेणें. हेल्मेट घाल म्हणणें म्हणजे त्यानें जावयाचें तेथें, ज्या वेगानें जावयाचें त्या वेगानें जावें, फक्त डोकें झांकून जावें. मागणें इतकें थोडें आणि लाभ इतका मोठा, अशा गोष्टी कायद्याच्या हातीं फार थोड्या लागतात.

फ्लॉरिडा संस्थानानें २००० सालीं याच अडचणींतून एक चतुर वाट काढून पाहिली. वय २१ च्या वर असेल आणि निदान १०,००० डॉलरांचा वैद्यकीय विमा उतरविलेला असेल, तर हेल्मेट न घालण्यास मोकळीक. म्हणजे स्वातंत्र्य घ्या, पण त्याची किंमत आधीं ठेवा. विचार प्रामाणिक होता. परंतु १९९७ ते १९९९ या तीन वर्षांत तेथें ५१५ मोटारसायकलस्वार मेले होते, ते २००१ ते २००३ या तीन वर्षांत ९३३ मेले. मोटारसायकलींची संख्याही त्या काळांत वाढली होती, हें खरें. तरी सगळा फरक तिच्या माथीं मारतां येत नाहीं. आणि डोक्याच्या मोठ्या दुखापतीचा रुग्णालयाचा खर्चच १०,००० डॉलरांना पुरून उरत असे. विम्याचा आंकडा ठरविणारांनीं बाकीचा हिशेब कोणाच्या खातीं जाईल हें ठरविलेंच नव्हतें. तरीही मिशिगननें २०१२ मध्यें २०,००० डॉलरांची अट घालून हाच मार्ग धरला.

मोटारींतील पट्ट्याची कथा याच वळणाची, पण तींत रक्त कमी आणि विनोद जास्त. तीन टोकांचा जो पट्टा आज सर्वत्र आहे तो स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील नील्स बोलिन या अभियंत्यानें १९५९ मध्यें सिद्ध केला, आणि कंपनीनें त्याचें पेटंट इतर कारखानदारांस वापरूं दिलें. तो बांधण्याची सक्ती जगांत प्रथम ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया संस्थानानें डिसेंबर १९७० मध्यें केली. ब्रिटनमध्यें पट्टे १९६७ पासून नव्या मोटारींत बसविलेले असत, परंतु बांधण्याची सक्ती ३१ जानेवारी १९८३ रोजीं आली; मधली वर्षें विधेयकें येण्यांत आणि पडण्यांत गेलीं. अमेरिकेनें तर मोटारीलाच पोलीस नेमण्याचा प्रयोग केला. १९७४ सालच्या नव्या मोटारी, पुढें बसणाऱ्यानें पट्टा बांधल्याशिवाय सुरूच होत नसत. शेजारच्या आसनावर भाजीची जड पिशवी किंवा कुत्रें ठेवलें तरी यंत्र त्याला मनुष्य समजून अडून बसे. लोक इतके संतापले कीं त्याच वर्षाच्या आंत काँग्रेसनें कायदा करून ती युक्ति बंद पाडली. सक्ती योग्य असूनही तिची रीत माणसाचा अपमान करणारी असेल तर काय होतें, याचा हा पाठ आपल्या वाहतूक खात्यानें अभ्यासण्यासारखा आहे.

पट्ट्यावरील एक आक्षेप मात्र गंभीर आहे. शिकागोचा अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्झमन यानें १९७५ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, सुरक्षित वाटूं लागलेला चालक अधिक बेफाम हांकतो, आणि आंतल्याचे प्राण वांचतात ते बाहेरच्या पादचाऱ्याच्या जिवावर. लंडनच्या जॉन ॲडम्स यानें पुढें हाच मुद्दा चालविला. पट्टा बांधलेल्यांचे प्राण वांचतात हें आतां निर्विवाद आहे, आणि या भरपाईच्या उपपत्तीचा परिणाम तिच्या कर्त्यांनीं सांगितला तेवढा पुढें आढळला नाहीं. पण गंमत अशी कीं, सक्तीच्या विरोधासाठीं पुढें केलेल्या या युक्तिवादाचा आधारच मुळीं 'माझ्या पट्ट्याचा परिणाम दुसऱ्यावर होतो' हा आहे! 'माझ्यापुरतें' हें सूत्र त्याच्याच मित्रांनीं असें तोडून टाकलें.

आपल्याकडे या वादाला जो विशेष रंग चढला त्याचें एक कारण भाषेंत आहे. 'सक्ती' या शब्दाला मराठी मनांत दोन आठवणी चिकटलेल्या आहेत. एक १८९७ सालच्या पुण्याची : प्लेगच्या निमित्तानें गोऱ्या शिपायांनीं घरांत शिरून घेतलेले झाडे, आणि २२ जूनला रँडवर झाडलेली गोळी. तेंही सगळें लोकांच्या आरोग्यासाठींच चाललें होतें. दुसरी आठवण सक्तीच्या शिक्षणाची : सयाजीराव महाराजांनीं १९०६ मध्यें बडोदें संस्थानांत तें सर्वत्र लागू केलें, आणि गोखल्यांनीं १९११ मध्यें ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं मांडलेलें विधेयक पुढच्या वर्षीं फेटाळलें गेलें, याचें दुःख आपण अजून करतों. एकच शब्द, एका ठिकाणीं जुलूम, दुसऱ्या ठिकाणीं उद्धार. फरक इतकाच कीं, पहिली सक्ती करणाराला ज्यांच्यावर ती करावयाची त्यांच्याविषयीं आदर नव्हता.

मोटार वाहनांच्या १९८८ च्या कायद्याच्या १२९ व्या कलमानें हेल्मेट देशभर आवश्यक केलें, आणि ब्रिटनप्रमाणेंच पगडीधारी शिखांना वगळलें. दिल्लींत शीख स्त्रियांच्या आग्रहास्तव नियम असा झाला कीं स्त्रियांना हेल्मेट ऐच्छिक. शीख स्त्री कोणती हें पोलिसानें कसें ओळखावें, या पेंचांतून सुटण्यासाठीं सर्वच स्त्रियांचीं डोकीं उघडीं ठेवण्यांत आलीं. ती सवलत ऑगस्ट २०१४ मध्यें शीख स्त्रियांपुरती मर्यादित झाली. पुण्यांत १ जानेवारी २०१९ पासून अंमलबजावणी कडक होतांच निषेधाच्या फेऱ्या निघाल्या, आणि कांहीं मंडळींनीं हेल्मेटऐवजीं पुणेरी पगड्या चढविल्या. विनोद म्हणून तो चांगला होता. परंतु ज्या पगडीसाठीं सुंदरसिंग सागर तुरुंगांत गेले ती संध्याकाळीं भाड्यानें परत करावयाची नव्हती. पुणेंकरांची एक तक्रार मात्र मला पूर्णपणें पटते : जें नगरशासन रस्त्यांतील खड्डे बुजवीत नाहीं, त्याच्याच राज्यांत त्या खड्ड्यांत पडणाऱ्याला दंड व्हावा, यांत नैतिक बळ थोडें. तरी खड्डा बुजलेला नाहीं म्हणून डोकें उघडें ठेवणें, हा निषेध कवटीला कळत नाहीं.

मागच्या आसनाचीही एक निराळी कथा आहे. आपल्याकडे मोठा मनुष्य मोटारींत मागें बसतो, आणि मागें बसणारानें पट्टा बांधणें कमीपणाचें, निदान अनावश्यक, मानलें जातें. ३ जून २०१४ रोजीं दिल्लींत गोपीनाथ मुंडे असेच मागें बसले होते; पट्टा बांधला असता तर ते वांचले असते, असें तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनीं, जे स्वतः डॉक्टर होते, बोलून दाखविलें. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वांचले. मिस्त्री आणि त्यांच्या शेजारचे गृहस्थ, मागचे दोघेही, पट्टा न बांधलेले, जागींच गेले.

त्याच २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत पट्टा न बांधलेलीं १६,७१५, आणि हेल्मेट न घातलेलीं ५०,०२९. हेल्मेट असतें तर हीं सगळींच वांचलीं असतीं असें नव्हे. परंतु या ५०,०२९ मध्यें १४,३३७ माणसें मागें बसलेलीं होतीं, ही गोष्ट 'माझें डोकें माझें' म्हणणारांनीं सवडीनें पाहावी. आपल्या रस्त्यांवर दुचाकी हें एका माणसाचें वाहन नाहीं, कुटुंबाचें आहे. दंड चुकविण्यापुरतें हेल्मेट चालविणाऱ्या पुरुषाच्या डोक्यावर असतें. मागें आडवी बसलेली बायको, तिच्या मांडीवर तान्हें मूल, पुढें टांकीवर थोरला मुलगा, या तिघांचीं डोकीं उघडीं. मिल्लनें आपला सिद्धांत सांगतांना मुलांना त्यांतून स्पष्टपणें वगळलें होतें. २०१९ च्या दुरुस्तीनें चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट आवश्यक झालें. त्याखालच्या मुलांसाठीं फेब्रुवारी २०२२ मध्यें निराळा नियम निघाला : नऊ महिने ते चार वर्षें वयाच्या मुलाला त्याच्या मापाचें हेल्मेट घालावें, चालविणाराशीं पट्ट्यानें बांधावें, आणि दुचाकी ताशीं ४० किलोमीटरच्या आंत चालवावी. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून अंमलांत आहे. आमच्या महाविद्यालयाशेजारच्या बालवाडीपाशीं सकाळीं रोज साठ-सत्तर दुचाक्या येऊन थांबतात. तेवढ्या मापाचें हेल्मेट घातलेलें मूल मीं तेथें आजवर दोनदां पाहिलें.